पावसाळ्यात मोजलेलं अर्थिंग

डिंगोऱ्याच्या एका शेतकऱ्याच्या गोठ्यात गाय मेली, तेव्हा मला वीज कंत्राटदाराचा परवाना मिळून अकरा वर्षं झाली होती. नव्वदचं दशक संपत आलं होतं, मे महिना चालू होता. निरोप घेऊन आलेला माणूस म्हणाला, "कडबाकुट्टीला गाय चिकटली. मालक म्हनला, त्यांना घेऊन ये, आन त्यांचं मीटर बी आनायला सांग." त्या घराचं वायरिंग मी केलं होतं. कनेक्शनसाठी वीज मंडळाला जो टेस्ट रिपोर्ट द्यावा लागतो, त्यावर सहीही माझीच होती.

मी पोचलो तेव्हा गाय तिथेच पडलेली होती. कडबा कापायच्या त्या यंत्राच्या मोटरमधली वायर घासून लोखंडाला लागली होती. असं कुठल्याही मोटरचं कधी ना कधी होतं. अशा वेळी लोखंडात आलेली वीज तारेवाटे जमिनीत जावी, आणि ती एवढ्या जोरानं जावी की फ्यूज लगेच उडावा, यासाठीच अर्थिंग असतं. खोल खड्ड्यात तांब्याची प्लेट पुरायची, भोवती कोळसा आणि मीठ भरायचं. हा खड्डा मी स्वतः उभं राहून भरून घेतला होता. तरी फ्यूज उडाला नव्हता.

जमीन विजेला किती अडवते ते मोजायचा अर्थ टेस्टर मी काढला, खुंट्या ठोकल्या, दांडी फिरवली. काटा अडतीसवर थांबला. वायरी सोडून पुन्हा जोडल्या, पुन्हा फिरवली. अडतीसच. वहीत माझ्या अक्षरात या खड्ड्याचा आकडा लिहिलेला होता, ३.१ ओहम.

गणित साधं आहे. दोनशे तीस व्होल्टला तीननं भागलं तर सत्तरच्या वर अँपिअर येतात. पंधरा अँपिअरचा फ्यूज तिथं क्षणभर टिकत नाही. दोनशे तीसला अडतीसनं भागलं तर सहा. सहा अँपिअरनं पंधराच्या फ्यूजला काही होत नाही. तो जागच्या जागी राहतो, आणि लोखंडात वीज तशीच राहते, हात लावणाऱ्याची वाट बघत.

मालक म्हणाला, "गायीचं सोडा. अर्ध्या तासापूर्वी माझी म्हातारी तितंच बसून धार काढत व्हती."

मी खुंट्या उपटायला लागलो.

"तुमी तीन लिवलं व्हतं ना? मग अडतीस कुठनं आलं?"

"खड्डा वाळलाय," मी म्हटलं.

"मे महिन्यात वाळनारच की, राव!"

हे एवढं साधं वाक्य मला अकरा वर्षांत सुचलं नव्हतं.

घरी येऊन मी वही उघडली. एकशे बारा टेस्ट रिपोर्ट माझ्या सहीचे होते. प्रत्येकासमोर तारीख आणि आकडा. मला त्या वहीचा अभिमान होता, कारण तालुक्यातले बरेच जण न मोजताच फॉर्म भरायचे. त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा आकड्यांऐवजी तारखा वाचल्या. एकशे बारापैकी सत्त्याण्णव मोजण्या श्रावण ते दसरा या काळातल्या होत्या. आमच्याकडे नव्या घरात दसऱ्याला नाहीतर पाडव्याला राहायला जायचं, आणि त्यातही दसराच जास्त. त्याआधी मीटर लागलं पाहिजे, म्हणून सगळ्यांची घाई भाद्रपदात. त्या दिवसांत जमीन पावसानं भरलेली असते. त्या जमिनीत नुसती पहार ठोकली तरी अर्थ टेस्टरचा काटा चांगला आकडा दाखवेल. मी खोटं काही लिहिलं नव्हतं. पण जे लिहिलं ते वर्षातल्या तीन महिन्यांपुरतं खरं होतं.

मी धंद्यात आलो तेव्हा अर्थिंगची फारशी गरज पडत नसे. लाकडी पट्ट्यांवर क्लिपा मारून वायर ओढायची, लाकडी बोर्ड, काळी बटणं, चार दिवे आणि एक पंखा. हात लागेल असं लोखंड घरात नव्हतंच. मग धरणांचं पाणी आलं, टोमॅटो आणि द्राक्षं आली, स्लॅबची घरं उठली. भिंतीतून पाइप जायला लागले. फ्रिज, मिक्सर, पाणी तापवायचा गीझर, कपडे धुवायचं मशीन, पाण्याची मोटर. सगळ्यांची अंगं पत्र्याची. काम दसपट वाढलं आणि आम्ही कंत्राटदार खुश होतो. धोका किती पट वाढला ते कुणी मोजलं नाही. मोजायचं यंत्र जवळ असून मीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी गावोगाव फिरायला लागलो. पाच दिवसांत एकतीस घरं झाली. येडगावला धरणाच्या काठची तीन घरं सोडली तर बहुतेक सगळे खड्डे वाळलेले. एकतीसपैकी बावीस ठिकाणी फ्यूज उडणार नाही असे आकडे. उपाय अवघड नव्हता. खड्ड्यावरचं झाकण काढायचं, मीठ टाकायचं, दोन-चार बादल्या पाणी ओतायचं आणि पाऊस पडेपर्यंत आठवड्याला ओतत राहायचं. हे मी काम पूर्ण करून देतानाच सांगायला हवं होतं. मी कुणालाच सांगितलं नव्हतं. आकडा इतका चांगला आला की सांगावंसं वाटलंच नाही.

लोक हसत होते. "न बोलावता येनारा कंत्राटदार पयल्यांदाच बघतोय," असं एक जण म्हणाला. रस्त्यात माझ्यासारखाच एक परवानेवाला भेटला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "भाऊ, गप घरी बस. कागद मंडळात गेला, तिथं फाइलीत पडला. कागदाला कुठं शॉक बसतोय?"

सहाव्या दिवशी मी शिनोलीला बहिणीकडे गेलो. तिचं घर मी मागे ठेवलं होतं, कारण वहीतला सगळ्यात चांगला आकडा तिचा होता, २.८. ते वायरिंग माझ्याकडून घरभरणीचा आहेर होता. आठ फूट खड्डा, जाड प्लेट, कुठे हात आखडला नव्हता. पण वाटेत माझ्या लक्षात आलं की मी मोजलं त्या दिवशी घरामागच्या भातखाचरात गुडघाभर पाणी उभं होतं.

अंगणात पाऊल टाकलं आणि तिथंच थांबलो. सकाळीच मुहूर्तमेढ रोवली होती. भाचीचं लग्न नऊ दिवसांवर होतं. मला तारीख माहीत होती, पण गायीच्या प्रकरणात ती डोक्यातून गेली होती. मांडव याच अंगणात पडणार होता, लोखंडी पाइपांचा, आणि त्याची वीज या घराच्या बोर्डावरून जाणार होती. मागचं खाचर वाळून त्याला बोटभर भेगा पडल्या होत्या. मी मोजलं. चव्वेचाळीस.

खड्ड्याचं झाकण कुठे दिसेना. दाजींनी, म्हणजे बहिणीच्या मालकांनी, आदल्या वर्षी सबंध अंगणाला शहाबादी फरशी घातली होती. झाकण तिच्याखाली गेलं होतं.

"दाजी, ही मधली एक फरशी काढावी लागेल," मी म्हटलं.

"कशाला?"

"खाली अर्थिंगचा खड्डा आहे. पाणी ओतायचंय. मी स्वतः परत बसवून देतो, कळणारसुद्धा नाही."

"मेढ रोवली सकाळी. आता लगीन होईस्तोवर या अंगनात पहार लागायची न्हाई. आन बरूबर त्याच जागेवर बोहलं यायचंय."

मी त्यांना आकडे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले.

"पावणं, हे काम कुणी केलं?"

"मीच."

"तवा काय म्हनला व्हता? ‘दाजी, आख्ख्या तालुक्यात असं अर्थिंग कुणाचं न्हाई.’ मग आता काय तालुका बदलला?"

"माझं चुकलं. पावसाळ्यात मोजलं. डिंगोऱ्याला गाय मेली म्हणून..."

"लगीनघरात मेलेल्या गायीचं नाव काढू नका!" त्यांचा आवाज चढला. बहीण दारात आली होती. ती हळू म्हणाली, "दादा, राहू दे ना. नऊ दिवसांनी काढू फरशी."

नऊ दिवसांनी फरशीचा काय उपयोग, हे तिला तिथं सांगता येईना. दाजी माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, पण बहीण दिलेल्या घरात आवाज चढवायचा नसतो, हे माझ्या अंगात मुरलेलं होतं. शेवटी ते एवढंच म्हणाले, "मागं खाचराच्या कडंला काय खनायचं ते खना. पुढं हात लावू नका."

मी मागे खणलं. लग्नसराईत मजूर मिळाला नाही, म्हणून मीच पहार आणि फावडं घेतलं. दोन फूट माती, मग मुरूम, साडेतीन फुटांवर कातळ. दोन दिवसांत त्यापुढे चार बोटंही गेलो नाही. तिथंच प्लेट पुरली, कोळसा आणि मीठ भरलं. कोरडा आकडा सव्वीस. चार पिंपं पाणी ओतलं तेव्हा अकरा. मला जरा धीर आला. दुसऱ्या दिवशी सकाळी मोजलं तर एकोणीस. पाणी कातळाच्या भेगेतून निघून गेलं होतं. पाचव्या पिंपाला दाजींनी हात धरला. "लग्नाला पानी पुरंना, आन हे मातीला पाजत्यात," ते मांडवाचं माप घ्यायला आलेल्यांना म्हणाले. सगळे हसले.

मग मी जुन्नरला गेलो. तिथले इलेक्ट्रिकचे दुकानदार चाचा माझ्या धंद्याच्या सुरुवातीपासूनचे. वीज कुठे गळायला लागली की क्षणात सगळं बंद करणारी एक पेटी तेव्हा नवीन आली होती, ईएलसीबी. अर्थिंग कच्चं असलं तरी ती माणूस वाचवते. चाचांनी वरच्या फळीवरून ती काढली आणि धूळ पुसली.

"एक जण घेऊन गेला होता, परत आणून दिली," ते म्हणाले. "म्हणाला, सारखी बंद पडते. मी म्हटलं, अरे, ती बंद पडतेय म्हणूनच तू ती परत करायला जिवंत आलास."

मी ती घेतली आणि लग्नाच्या दोन दिवस आधी जाऊन बहिणीच्या बोर्डात बसवली. चाचणीचं बटण दाबून चार वेळा पाहिली. चारही वेळा पडली, म्हणजे वीज बंद झाली. त्या रात्री, आठवडाभरात पहिल्यांदाच, मला सलग झोप लागली.

लग्न संध्याकाळच्या मुहूर्ताचं होतं. चारच्या सुमारास मांडववाल्यानं आपली वायर बोर्डाला जोडली. चाळीस ट्यूबलाइटी, दिव्यांच्या माळा, उभे पंखे, बोहल्याशेजारी कूलर. पेटी लगेच पडली. उचलली, पुन्हा पडली. मी त्याच्या वायरी हातात घेऊन पाहू लागलो. जोड उघडे, काहींवर दुधाच्या पिशवीचा तुकडा गुंडाळून सुतळी बांधलेली. काही वायरी पाइपाला इतक्या आवळलेल्या की वरचं रबर फाटलेलं.

"मला दीड तास दे. सगळे जोड मी करून देतो," मी म्हटलं.

"मामा, पंधरा वर्सं हीच वायर लावतोय. एक मानूस गेला न्हाई. तुमची पेटीच लई भित्री हाय."

वऱ्हाड साडेपाचला येणार होतं. मी पुढच्या कोपऱ्यातले जोड करायला घेतले. सहा-सात झाले असतील, तेवढ्यात एकदम सगळे दिवे लागले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी धावत बोर्डाकडे गेलो. त्यानं पेटी बाजूला टाकून सरळ मेनमधून जोडलं होतं.

मी मांडवाच्या खांबाला टेस्टर लावला. तो पेटला. मीटर लावला. खांब आणि जमीन यांच्यामध्ये नव्वद व्होल्ट होते. अंगणात धूळ बसावी म्हणून नुकतंच पाणी शिंपडलं होतं आणि पोरं अनवाणी पळत होती.

मी दाजींना हात धरून तिथं आणलं आणि मीटर दाखवला. "दाजी, नव्वद. आत्ता बंद करू. एका तासात नीट करतो."

भोवती दहा-पंधरा पाहुणे होते. दाजींनी मीटरकडे पाहिलं, मग पाहुण्यांकडे, आणि उजव्या हाताचा तळवा सरळ खांबावर ठेवला. त्यांच्या पायात नवे कोरडे बूट होते आणि खाली जाड जाजम.

"बघा. मेलो का?"

लोक हसले. एक म्हातारा म्हणाला, "मामाला अजून आहेर पोचला न्हाई वाटतं."

बूट, जाजम, ओली फरशी, हे सगळं सांगायला मला पाच मिनिटं लागली असती आणि ऐकायला तिथं कुणी नव्हतं. मी पडवीत गेलो आणि बोर्डातून फ्यूजच्या दोन्ही ग्रिपा ओढून काढल्या. दिवे गेले, पंखे थांबले, लाउडस्पीकरवरचं गाणं मध्येच तुटलं.

दाजी आत आले. त्यांच्या मागे बहीण.

"ग्रिपा द्या."

"नाही देत, दाजी."

"घर कुणाचं हाय?"

"तुमचं. मला एक तास द्या, एवढंच म्हणतोय."

"वऱ्हाड वेशीत आलंय, आन तुमी माझ्या दारात अंधार केला." बहिणीनं माझ्या मनगटाला हात लावला. "दादा, माझ्यासाठी दे." मी मूठ उघडली नाही. ती मूठ मी तिच्यासाठीच आवळली होती, पण तसं म्हटलं असतं तर ते नाटकी वाटलं असतं. मी खाली बघत राहिलो.

"ऱ्हाऊ द्या मग," दाजी म्हणाले. "हितंच उभे ऱ्हावा, तुमच्या बोर्डापाशी. पोरीच्या मागं उभा ऱ्हायला दुसरा मामा हाय आमच्यात."

मंगलाष्टकांच्या वेळी नवरीच्या मागे मामानं उभं राहायचं असतं. आमच्याच एका चुलतभावाला उभं केलं. देवळातून दोन गॅसबत्त्या आणल्या, वऱ्हाडाची जीप अंगणाच्या तोंडाशी लावून तिचे दिवे बोहल्यावर सोडले. मी पडवीतून हललो नाही. हललो असतो तर मांडववाल्यानं खिळे घालून मेन जोडलं असतं, आणि तो दोनदा येऊन गेलाही. माणसांच्या पाठी मला दिसत होत्या, नवरी दिसत नव्हती. शेवटचं सावधान ऐकू आलं, ताशा वाजला, मी होतो तिथूनच अक्षता टाकल्या. त्या पडवीच्या पायरीपर्यंतच गेल्या.

त्या लग्नात कुणालाही काही झालं नाही. दिवे चालू राहिले असते तरी काही झालं नसतं, असंही असू शकेल. दाजी आजवर तेच म्हणतात आणि ते खोटं आहे असं मला सिद्ध करता येत नाही. माझ्याकडे फक्त नव्वद आणि चव्वेचाळीस हे दोन आकडे आहेत. सकाळी मांडव सुटल्यावर मी ग्रिपा परत बसवल्या. दाजींनी ईएलसीबी काढून माझ्या पिशवीत घातली आणि म्हणाले, "आहेर परत." फरशी नंतरही निघाली नाही. तो आता फरशीचा प्रश्न राहिला नव्हता.

पुढे मी पावसाळ्यात मोजून सही करणं सोडलं. उन्हाळ्यातला आकडा पाहिल्याशिवाय रिपोर्ट देणार नाही, असं सांगायला लागलो. दसऱ्याला घरात जायची घाई असलेला माणूस मेपर्यंत कशाला थांबेल? माझी निम्मी कामं न मोजता सही करणाऱ्यांकडे गेली. दोन हजार सालानंतर तयार रसायनांच्या अर्थिंगच्या नळ्या आल्या, मोठ्या इमारतींत ईएलसीबी बसायला लागल्या. जुनी घरं मात्र आहेत तशीच आहेत. वहीतली राहिलेली घरं मी दोन उन्हाळ्यांत पुरी केली. सत्त्याण्णवपैकी एक सोडून.

लग्नाला दोन वर्षं होत आली होती तेव्हा घोडेगावच्या बाजारात बहीण भेटली. तिच्या घरी माझं जाणं बंद झालं होतं. भाजीच्या पिशव्या खाली ठेवून ती रस्त्याच्या कडेला उभी राहिली. उन्हाळा सुरू झाला होता. मी आधी तिच्या न्हाणीतल्या पत्र्याच्या गीझरचंच विचारलं.

"गीझर चालू आहे?"

"हाय की. पोरगी बाळंतपनाला आलीये. तिला, बाळाला गरम पानी लागतं."

मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "न्हाणीत मी चप्पल घालून जाते. रबराची. घरात चप्पल घातली की हे ओरडत्यात, पन घालते."

"चप्पल ओली झाली की तिचा उपयोग नसतो."

"म्हाईत हाय. दोन जोड ठेवल्यात. एक वाळत असतो."

"आणि पोरगी?"

"तिला मी बटनाला हात लावू देत न्हाई, दादा," ती पिशव्या उचलत म्हणाली. "गीझर चालू करायचा, बंद करायचा, बादली भरायची, सगळं मीच करते. मग तिला आत सोडते."